खांबाची धार, समोरच्या घराचा कोपरा आणि फेंगशुई: कुणी काही केलंय का?

अनगोळची_नवी

नमस्कार मंडळी. यंदा आम्ही बेळगावात अनगोळला स्वतःच्या घरात राहायला आलो. तीस-चाळीसची साइट, त्यामुळे इंजिनियरला फार हातपाय पसरता आले नाहीत. घर छान झालंय, पण दोन गोष्टी डोक्यात बसल्यात. हॉलमधला एक खांब भिंतीतून चांगला नऊ इंच पुढे आलाय आणि त्याची धार बरोबर सोफ्यावर रोखलेली आहे. दुसरं म्हणजे आमच्यापुढे रस्ता वळतो, त्यामुळे समोरच्या दुमजली घराचा कोपरा तिरका आमच्या मुख्य दारावर येतो.

वास्तुशांतीला जाऊबाईंच्या ओळखीचे एक फेंगशुईवाले जेवायला आले होते. हात धुऊन घरभर फिरले आणि म्हणाले, हे दोन्ही 'विषबाण' आहेत. मग यादी आली: स्फटिकाचा गोळा, पवनघंटी, खांबासमोर हॉलमध्ये लावायला अष्टकोनी आरसा आणि तीन पायांचा बेडूक. सगळं त्यांच्याकडेच मिळतं. आकडा ऐकून आमच्या ह्यांनी पुन्हा एकदा हात धुतले.

सासूबाई म्हणतात, दाराला कोहळा बांधा आणि गप बसा. माझा ना ह्याच्यावर पुरता विश्वास ना त्याच्यावर. पण त्यांनी सांगितल्यापासून सोफ्यावर बसलं की नजर त्या धारेवरच जाते, हेही खरं. शिवाय लेक नुकती चालायला लागलीय.

कमी खर्चात काय करता येईल? 'अंधश्रद्धा' असा एका ओळीत निकाल लावणाऱ्यांनी निदान दोन ओळी लिहाव्यात ही विनंती.

कुंदाप्रेमी

अंधश्रद्धा.

ही दुसरी ओळ.

तिसरं_गेट

बेडूक तेवढा त्यांच्याकडून घेऊ नका. खडेबाजारात तोच बेडूक, तेच नाणं तोंडात, निम्म्याहून कमी पैशात मिळतो. घासाघीस केलीत तर लाफिंग बुद्धा वर.

लाल_रिबन

मी बरीच वर्षं फेंगशुई शिकते आणि जमेल तसं पाळते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. आधीच सांगते, विकायला माझ्याकडे काहीही नाही.

ते ज्याला विषबाण म्हणाले त्यामागची कल्पना 'शा-ची'. ची म्हणजे सगळीकडे वाहणारी प्राणशक्ती, शा-ची म्हणजे तिचं घातक रूप. चांगली ची वळणं घेत, रमतगमत वाहते. सरळ रेषेत जोरात आलेली किंवा धारेवरून सुटलेली ची बोचते, असं मानतात. फेंगशुईच्या दोन मोठ्या शाखा आहेत. एक डोंगर, पाणी आणि घरांचे आकार बघते, दुसरी होकायंत्र घेऊन दिशांचं गणित मांडते. धारेचा विचार मुख्यतः पहिल्या शाखेतला. म्हणजे पहिला प्रश्न अगदी साधा असतो: तुम्ही जिथे रोज बसता, झोपता, स्वयंपाक करता, त्या जागेवर धार रोखलेली आहे का? नसेल तर सोडून द्यायचं. घरातला प्रत्येक कोपरा शत्रू नसतो.

असेलच, तर उपायांचा क्रम असा. आधी बसायची जागा हलवा. ते जमत नसेल तर धार झाका, खांबापुढे उंच कुंडी ठेवा किंवा कडेवरून पडदा सोडा. झाड गोल, रुंद पानांचं हवं. निवडुंग नको, त्याचे काटे म्हणजे पुन्हा तेच. वस्तू टांगायचं सगळ्यात शेवटी.

आणि त्या आरशाबद्दल. अष्टकोनी पाकुआ आरसा घरात लावायचाच नसतो. तो दाराबाहेर, तोही दुसरा इलाज नसेल तरच. ज्यांनी हॉलमध्ये लावायला सांगितला त्यांना हे माहीत नसेल तर बाकीच्या यादीचं काय घेऊन बसलात?

कुंदाप्रेमी

@लाल_रिबन, हे सगळं वाचून मला एवढंच कळलं की सोफा सरकवा. हे सांगायला चीन कशाला लागतो? आमची आजी रोज सरकवायची.

लाल_रिबन

आजीचं ऐकलंत का पण कधी?

ओळंबा

घरं बांधणं हा माझा धंदा आहे. बाकीच्या वादात पडत नाही, पण एक गोष्ट ठळक करून सांगतो, कारण मागे एका गिऱ्हाइकाने नेमका हाच उद्योग केला होता.

आरसीसी खांबाची कड गोल करायला छिन्नी लावू नका. खांबाच्या सळईवर सहसा ४० मिलिमीटर काँक्रीटचं आवरण असतं. आयएस ४५६ मध्ये, म्हणजे काँक्रीट बांधकामाच्या भारतीय मानकात, खांबासाठी हाच आकडा दिलाय. कोपरा फोडला की ते आवरण नेमकं कोपऱ्यातल्या सळईवरूनच जातं, आणि कोपऱ्यातली सळई ही खांबाची मुख्य सळई. आपल्याकडे पावसाळ्यात भिंती महिनोन् महिने ओल धरतात. सळई गंजली की फुगते, आणि फुगली की उरलेलं काँक्रीटही ढकलून देते. विषबाण परवडला.

गोलाई हवीच असेल तर ती बाहेरून चढवायची. गिलाव्याला टाचे मारून, जाळी ठोकून कडेला जादा माल भरून गोल करता येतं. नाहीतर सुताराकडून प्लायचं अर्धगोल खोकं करून घ्या. त्यातच दोन फळ्या टाकल्या की पुस्तकं ठेवायला जागा. गवंड्याला मात्र उभं राहून सांगावं लागेल. त्याचा जन्म ओळंबा लावून कोपऱ्याला धार काढण्यात गेलेला असतो. ती मोडायला सांगितली की त्याला वाटतं, काम पसंत नाही.

उद्यमबाग_शिफ्ट

ओळंबासाहेब +१.

आमची अर्धी हयात फौंड्रीत गेली. कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतीव मालात, आतल्या कोपऱ्याला धार ठेवलेली चालतच नाही. पॅटर्न करतानाच तिथे फिलेट द्यायचा, म्हणजे थोडी गोलाई. नाही दिली तर माल थंड होताना नेमका तिथेच तडकतो, आणि तिथून वाचला तर पुढे मशीनवर लोड आला की तिथूनच जातो. कोपऱ्यात ताण गोळा होतो, साधी गोष्ट.

घरात बघायचं असेल तर खिडकीच्या चौकटीचा कोपरा बघा. भिंतीला तिरकी चीर जाते ती बहुतेक वेळा तिथूनच निघते. पन्नासच्या दशकात कॉमेट नावाची ब्रिटिश जेट विमानं हवेत फुटली, त्यातही खिडक्यांसारख्या उघडीपांच्या कोपऱ्यांतून चिरा गेलेल्या सापडल्या. विमानाच्या खिडक्या गोलसर दिसतात त्यामागे हे कारण आहे. तेव्हा चिनी माणूस धारेला घाबरला त्यात गैर काही नाही. फक्त त्याने ते सोफ्याला लावलं, आम्ही लोखंडाला.

कुंदाप्रेमी

आता वाट बघतोय, कोण येऊन म्हणतं की आमच्या पूर्वजांना हे आधीच माहीत होतं.

पोथीवाला

आलो.

हसा हवं तर, पण दाराला कोपऱ्याचा वेध हा विचार आपल्याकडे खरंच जुना आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत, म्हणजे सहाव्या शतकात, वास्तुविद्येचा एक अध्याय आहे. दारासमोर रस्ता, झाड, कोपरा, विहीर किंवा खांब आला तर ते दार अशुभ, असं त्यात सांगितलंय. पण लगेच पुढे सूटही दिलीय: उंचीच्या दुप्पट जागा मध्ये सोडली असेल तर दोष नाही.

ही दुसरी ओळ कुठलाही वास्तुवाला सांगत नाही, कारण ती सांगितली की धंदा बसतो. अनगोळताई, समोरचं घर दुमजली म्हणजे वीस-बावीस फूट धरा. त्याच्या दुप्पट, चाळीस-चव्वेचाळीस. रस्ता आणि दोन्ही बाजूंची मोकळी जागा मिळून तेवढं अंतर भरतंय का, टेप लावून बघा.

तिसरं_गेट

उंची कुणाची पण? घराची की दाराची? दाराची धरली तर सात दुणे चौदा फूट. मग अख्खं बेळगाव निर्दोष.

पोथीवाला

टीकाकार घराची धरतात असं माझं वाचन आहे. पण तुमचा अर्थ गल्लीबोळांना सोयीचा आहे, हे मान्य.

अनगोळची_नवी

टेप लावली. ह्यांना रस्त्याच्या मधोमध उभं केलं होतं. समोरच्या काकू गॅलरीतून विचारत होत्या, "रोड वायडनिंग काय ओ?" घराची उंची धरली तर थोडं कमी पडतंय, दाराची धरली तर बिनधास्त.

शहापूरची_मावशी

अगं पोरी, अंतर राहू दे, पण दाराबाहेर तो आरसा तेवढा लावू नकोस बघ. आमच्या गल्लीत काय झालं ते सांगते.

आमची गल्ली म्हणजे दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने उंबऱ्यावर चढायचं. एका घराच्या जिन्याचा कठडा समोरच्या दारावर यायचा. समोरचीला कुणी तरी भरवून दिलं, की तुझ्या नवऱ्याचा माग बंद पडतोय तो ह्या कठड्यामुळं. तिनं दारावर आठ कोनांचा आरसा लावला. सकाळचं ऊन त्या आरशावर पडायचं आणि तिथून सरळ कठडेवाल्यांच्या चुलीपुढं. भाकरी थापताना डोळ्यात झिळमिळ. सूनबाई दोनदा गोडीत सांगून आली, आरसा जरा कलता करा म्हणून. तर ही म्हणते, कलता केला तर गुण येत नाही.

मग काय, सुनेनं माहेरचं ड्रेसिंग टेबल मोडलं आणि त्यातला हातभर आरसा जिन्यात टांगला. आता संध्याकाळचं ऊन उलटं. पहिलीनं फुगीर आरसा आणला. पोरं शाळेतून आली की गल्लीच्या तोंडाला बसून बघायची, आज कुणाचं ऊन कुणाच्या घरात. एकदा दूधवाल्याच्या डोळ्यावर तिरीप आली आणि तो सायकलसकट नळाच्या कट्ट्यावर. नळाला पाणी आलेलं, घागरींची रांग लागलेली. सहा घागरी लवंडल्या आणि दुधाचं पाणी झालं ते वेगळंच. त्या दिवशी दोघींनाबी गल्लीनं धरून हासडलं, तरी आरसे काय निघाले नाहीत.

निघाले कशानं माहीत आहे? पावसानं. आपल्याकडचा पाऊस तो. दोन महिन्यांत दोन्ही आरशांचा मागचा पारा गेला, काळे डाग पडले. परत आणायचा खर्च कोण करतंय? आता दोघी शेजारी बसून शेंगा निवडतात. कठडा हाय तिथंच हाय.

कुंदाप्रेमी

मावशी _/\_. मागाचं काय झालं पण?

शहापूरची_मावशी

माग बंदच पडला की. सगळ्या गल्लीचेच पडले. त्याला कठडा काय करणार, साड्यांना गिऱ्हाईकच राहिलं नाही.

निपाणकर

मावशींच्या गल्लीतला किस्सा हाँगकाँगमध्ये कोट्यवधी डॉलर खर्चून झालाय. तिथे बँक ऑफ चायनाची उंच इमारत १९९० मध्ये उघडली, आय. एम. पेई ह्या वास्तुविशारदाची. सगळी त्रिकोणांची, जणू पातीच उभी केलीत. लोकांनी ओरडा केला की तिच्या धारा गव्हर्नरच्या बंगल्यावर आणि शेजारच्या एचएसबीसी बँकेवर रोखल्यात. पुढे एचएसबीसीच्या गच्चीवर देखभालीच्या क्रेन बसल्या, त्या तोफांसारख्या दिसतात आणि तोंड बँक ऑफ चायनाकडे. बँक म्हणते, त्या काचा पुसायला. लोक म्हणतात, उत्तर द्यायला.

उद्यमबाग_शिफ्ट

दोन्ही बँका चालू आहेत ना?

निपाणकर

जोरात.

चिकोडी_एक्सप्रेस

धारा नकोत, सगळं गोल हवं म्हणणाऱ्यांसाठी: आपला बेळगावचा किल्ला लंबगोल आहे, वर भोवती खंदकाचं पाणीसुद्धा. फेंगशुईत ह्याहून जास्त काय हवं? तरी १८१८ मध्ये इंग्रजांच्या मन्रोने वेढा घातला आणि तीन आठवड्यांत घेतला.

लाल_रिबन

तोफांवर फेंगशुईचा इलाज चालतो असं मी कुठेच लिहिलेलं नाही. :)

मावशींच्या किश्श्यावरून एक. कुणाच्या राहत्या घराच्या दारावर आरसा रोखणं चांगले शिकवणारेही वाईटच मानतात. आपल्यावरचं दुसऱ्याच्या घरात ढकलायचं, हा उपाय नाही, भांडण आहे. समोरच्या कोपऱ्यासाठी फाटकाजवळ झाड लावा. दारातून बघितलं की कोपऱ्याआधी हिरवं दिसलं पाहिजे, बस.

जांबोटीचा_पाऊस

कोपरे मोडणं ही आपल्या सुतारांची जुनीच रीत आहे, त्याला कुणी शास्त्र म्हटलं नाही एवढंच. आमच्या जांबोटीकडच्या घराला जांभ्याच्या भिंती आणि सोप्यात, म्हणजे पुढच्या पडवीत, फणसाचे चौकोनी खांब. पण एकाही खांबाची कड धारदार नाही. बुडापासून वीतभर आणि माथ्यापासून वीतभर चौकोन तसाच ठेवलाय, मधल्या भागात रंध्याने चारी कडा मोडल्यात. हात फिरवला की कळतं, बोटभर सपाटी आहे. सोप्यात पोती यायची, गुरं शिरायची, अंधारात माणसं उठायची. धार ठेवली असती तर लाकूड तरी उडालं असतं नाहीतर कपाळ तरी.

नव्या घरांत ग्रॅनाइटचा ओटा बघा. कारागिराला कड घासून गोल करायला सांगितलं नाही तर तो सरळ कापून बसवतो आणि जातो. बाईच्या कमरेला आणि पोराच्या कपाळाला तो बरोब्बर लागतो. खरा विषबाण तो. ओटा बसवतानाच सांगा. बसवल्यावर घासायचं म्हटलं तर घरभर पांढरी धूळ आणि दर वेगळा.

अनगोळची_नवी

जांबोटीकर, ओट्याचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आत्ता उठून बघितलं. कड सरळच आहे आणि लेकीचं डोकं टेबलाच्या उंचीचं झालंय, ओट्याला अजून वेळ आहे.

नाव_नंतर_सांगते

मी मानसशास्त्राची विद्यार्थिनी आहे, म्हणून थोडी भर. मोशे बार आणि मैतल नेटा ह्यांचा २००६ चा एक अभ्यास आहे. साध्या वस्तूंच्या जोड्या दाखवल्या, एक धारदार कडांची, एक गोलसर. लोकांनी एकंदरीत गोलसर जास्त पसंत केल्या. पुढच्या वर्षीच्या त्यांच्या अभ्यासात धारदार वस्तू बघताना मेंदूतला अमिग्डाला हा भाग जास्त जागा झालेला दिसला. भीतीशी संबंध असलेला भाग तो.

ह्यावरून फेंगशुई खरं ठरत नाही. पण अनगोळताईंची नजर धारेवर जाते ह्यात वेडेपणा काही नाही, एवढं म्हणता येईल.

कुंदाप्रेमी

नजर जाते कारण एका माणसाने जेवून झाल्यावर बोट दाखवलं. त्याआधी त्याच सोफ्यावर त्या मजेत बसत होत्या. मी उद्या तुम्हाला सांगितलं की तुमच्या पंख्याला चौथं पातं हवं होतं, तर त्या रात्री तुम्ही पंखाच बघत पडाल.

लाल_रिबन

ह्याच्याशी मी पूर्ण सहमत आहे आणि म्हणूनच म्हणते, झाका आणि विसरा. एकदा दिसलेली धार 'काही नाही' म्हणून दिसायची थांबत नाही. कुंडी ठेवली की थांबते. तुम्ही त्याला मनाचा खेळ म्हणा, मी ची म्हणते, कुंडी एकच आहे.

तिसरं_गेट

पंखा बघतोय. तीनच पाती. तुम्हाला देव बघून घेईल.

शहापूरची_मावशी

आणि सासूबाईंचा कोहळा बांधून टाक गं. मंडईत मिळतो, फार पैसे पडत नाहीत, आणि घरात शांतता राहते. कुजायच्या आत बदलायचा तेवढं लक्षात ठेव. पाणी सुटलं की दारातून येणाऱ्याच्या डोक्यावर.

अनगोळची_नवी

सगळ्यांचे आभार. ठरलं ते असं. सोफा समोरच्या भिंतीला नेला, त्यामुळे आता टीव्ही तिरका बघावा लागतो आणि ह्यांची कुरकुर चालू आहे. खांबाला ओळंबा म्हणाले तसं प्लायचं खोकं होणार आहे, पुस्तकांच्या फळ्यांसकट. सुताराला गोल आकार कागदावर काढून दाखवला. तो म्हणाला, "अक्का, चौकोनी केलं तर अर्ध्यात होतंय की." टेबलाच्या कोपऱ्यांना रबराच्या टोप्या लावल्या. त्यातल्या दोन लेकीने पहिल्याच दिवशी काढून चावल्या. फाटकाजवळ सोनचाफा लावायचा विचार आहे. कोहळा टांगला.

यादीवाल्यांचा जाऊबाईंना फोन आला होता, आरसा पाठवू का म्हणून. घरात लावायचा की बाहेर, असं विचारलं, तर म्हणाले, "तुम्हाला सोयीचं पडेल तसं."

ओळंबा

खोकं खांबाला चिकटवून मारू नका. मागे बोटभर फट ठेवा, आणि खालची फळी जमिनीपासून चार इंच वर. पहिल्या पावसाळ्यात प्लाय तळातून फुगतं. सोनचाफा कंपाउंडच्या भिंतीला लागून नको, जरा आत घ्या.

पोथीवाला

आणि सोनचाफ्याचं झाड दाराच्या बरोबर समोर येऊ देऊ नका. बृहत्संहितेतल्या यादीत झाडही आहे.

कुंदाप्रेमी

संपलं. आता झाडासाठी आरसा लावा.

वडगाववाली

धागा वर काढतेय, माफ करा. विषय जवळचाच आहे. आमच्या बेडरूममध्ये छताची बीम बरोबर पलंगाच्या मधोमध जाते, म्हणजे माझ्या आणि ह्यांच्या पोटावरून. मैत्रीण म्हणते, लाल रिबीन बांधून दोन बासऱ्या तिरक्या टांगायच्या. खरंच असं काही असतं का?

लाल_रिबन

असतं. पण हा पारंपरिक चिनी उपाय म्हणण्यापेक्षा लिन युन ह्या चिनी गुरूंनी अमेरिकेत रुजवलेल्या शाखेचा म्हणा, बांबूच्या बासऱ्या तिथूनच सगळीकडे पसरल्या. बीमखाली झोपू नये हे मात्र जुनं आहे. आधी पलंग सरकतो का बघा.

कुंदाप्रेमी

आजी पुन्हा आली.

ओळंबा

बीमला ड्रिल मारून हुक लावणार असाल तर आधी मला विचारा. पलंग किती सरकवता येईल?

वडगाववाली

एका बाजूला कपाट आहे, दुसऱ्या बाजूला खिडकी. खिडकीखाली डोकं चालतं का?

पोथीवाला

दिशा कुठली?

शहापूरची_मावशी

दिशा राहू दे. पावसात खिडकी गळते काय ते आधी सांग.